थेंबातलं दार

१

"काकू, तुम्ही पाणी काढायला बघताय," शुभ्रा म्हणाली. "पाण्याला रंगच नसतो, मग काढणार काय? पान काढा. थेंबाची सावली काढा. उजेड पडलाय तेवढा कागद कोरा सोडा. थेंब आपोआप दिसायला लागेल."

भोरला तिच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी जलरंगांचा वर्ग भरतो. मी विंझरहून एसटीने नसरापूर फाट्याला, तिथून कापूरहोळ, कापूरहोळहून वडापच्या जीपमध्ये अंग चोरून भोर, अशी जायची. वर्गातल्या बाकीच्या पोरी विशीतल्या, मी एकटी बासष्टची. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. थेंब गोल का होतो, प्रकाश त्यात कसा वाकतो, हे फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. पण कागदावर माझा थेंब म्हणजे पानाला पडलेलं भोक दिसायचा.

हे शिकायला लागले त्याचं कारण साधं होतं. दिवसातला दीड तास मला माझा हवा होता.

रघुवीर, म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने विंझरला रस्त्यापासून जरा आत चार खोल्यांचं घर बांधलं, आणि वर्ष व्हायच्या आत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दोन वर्षं ते आतल्या खोलीत पलंगावर आहेत. आम्हाला मूलबाळ नाही. ठकुबाई म्हणून जवळच्या वस्तीवरची एक बाई सकाळी सातला येते, त्यांचं अंग पुसणं, कपडे, अंथरूण सगळं करून दहाला जाते. परत येते ती चारला. शनिवारी तेवढी दिवसभर थांबते. दहा ते साडेअकरा रघुवीर झोपतात. तो माझा दीड तास.

बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीला लागून माझं टेबल आहे. रोज परसातून अळूचं एक पान खुडून आणायचं, औषधाच्या ड्रॉपरने त्यावर एकच थेंब सोडायचा आणि शाळेने निरोपाला दिलेलं भिंग लावून तो बघायचा. समोर खिडकी, पाठीमागे आतल्या खोलीचं दार. ते दार मी उघडंच ठेवायची, त्यांनी आवाज केला तर ऐकू यावा म्हणून.

शुभ्राची सक्त ताकीद होती, बघून काढायचं. हे काय आहे, ते काय आहे, असं डोक्याने ठरवायचं नाही. गडद दिसलं तर गडद, फिकट दिसलं तर फिकट. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी होते. दिसलं ते काढत गेले.

२

तिसऱ्या महिन्यात थेंब जमला. गणपती नुकतेच गेले होते. मी कागद शुभ्रापुढे केला. तिने मोबाईल काढला, कॅमेरा मोठा करून कागदावर धरला आणि पोरींना हाक मारली.

"या गं इकडे. काकूंनी बघा काय केलंय."

थेंबाच्या वरच्या अंगाला खिडकीचा उजेड होता, गजांनी चार तुकडे केलेला. मधोमध माझ्या डोक्याचा आणि खांद्यांचा काळसर आकार. त्याच्या बाजूला, खालच्या कडेला, मागच्या दाराची चौकट. ज्वारीच्या दाण्याहून लहान. थेंब म्हणजे एक छोटा बहिर्गोल आरसाच, सगळी खोली त्यात मावते. एवढं मी जाणूनबुजून काढलं होतं.

"आणि हे दारात कोण उभं आहे?" शुभ्राने विचारलं.

मी चष्मा वर करून बघितलं. चौकटीच्या आत एक उभा फराटा होता. वरती बारीक, मध्ये रुंद, खाली पुन्हा बारीक. सगळ्यात लहान ब्रशचं टोक एकदाच टेकवून ओढलेला. मीच ओढला होता. तिथे गडद दिसलं म्हणून गडद लावलं होतं, त्याचं माणूस होतंय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"काका का?" एका पोरीने विचारलं.

"त्यांना उठता येत नाही," मी म्हणाले.

शुभ्राने सावरून घेतलं. "मग दाराचा पडदा असेल."

"हो, पडदाच," मी म्हणाले.

आमच्या त्या दाराला पडदा नाही. लावलाच नव्हता कधी.

३

घरी आल्यावर मी आधीचे सगळे कागद काढले. मास्तरणीच्या सवयीने प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख घातलेली होती. सुरुवातीच्या पंधरा-वीस कागदांत काही नव्हतं, मुळात तेव्हा मला दारही काढता येत नव्हतं. मग नऊ ऑगस्टच्या कागदावर दाराच्या अलीकडे एक डाग. अकराच्या कागदावर तो चौकटीत. पुढे रोज. मात्र दिवस पुढे जातील तसा तो लहान होत गेला होता. शेवटच्या दोन कागदांत तर तो चौकटीच्या पलीकडे होता, आतल्या खोलीत.

लहान म्हणजे लांब. प्रकाशाचा नियम आहे. जे काय आहे ते माझ्याकडे येत नाहीये, लांब जातंय, एवढ्यावर त्या दिवशी मला बरं वाटलं.

आणि मग मला ठकुबाई आठवली. मागच्या दाराची एक किल्ली तिच्याकडे असायची. ती दहाला जाते म्हणजे खरंच जाते का? मी पाठ करून बसलेली असते, कानही कामात गुंतलेले. स्वयंपाकघरातून पाय न वाजवता यायला किती वेळ लागतो? आतल्या खोलीत रघुवीरांचं कपाट होतं, माझ्या पाटल्या होत्या. गेले काही दिवस त्या खोलीतल्या वस्तू जागच्या हललेल्याही वाटत होत्या. भिंतीकडेची खुर्ची पलंगाजवळ, उशी उंच केलेली, पंखा बंद.

सोमवारी ठकुबाई आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरातच गाठलं.

"ठकुबाई, दहाला गेल्यावर तू मधे परत येतेस का?"

"म्या कशाला यीन, बाई? हितनं गेली की वढ्याकडच्या खाचरात असती. भात पोटऱ्यात आलाय, पाणी बघाया लागतं."

"मग खोलीतली खुर्ची कोण हलवतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिची थट्टा करते आहे. "खुर्ची तर तुमी वढता."

मला राग आला. मी तिच्याकडून किल्ली मागून घेतली. तिने पदराची गाठ सोडून ती ओट्यावर ठेवली. त्या दिवशी चहाला हात लावला नाही.

मंगळवारी ती गेल्यावर मी मागच्या दाराला आतून कडी घातली, पुढच्याला बोल्ट सरकवला. खिडक्यांना गज आहेतच. मग थेंब सोडला, भिंग लावलं.

दारात तो फराटा होता.

मी झटकन मागे वळले. दारात कोणी नव्हतं. पलंगाचा पायथा आणि त्यावर रघुवीरांची पांघरुणाखालची पावलं तेवढी दिसत होती.

घरात आम्ही दोघंच होतो.

४

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. त्याशिवाय मी पुढे केलं ते का केलं हे कळणार नाही.

चोवीस वर्षांपूर्वी मला वेल्ह्याच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली होती. आम्ही तेव्हा भोरला राहायचो. मला वेल्ह्याला खोली घेऊन राहावं लागणार होतं. रघुवीर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली. पाच आठवडे ते अंथरुणाला खिळून होते. कूस बदलायलासुद्धा मी लागायची. डॉक्टरांना काही सापडेना. शेवटी मी बढती नको म्हणून अर्ज दिला. तो दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर हे स्टुलावर चढून ट्यूब बदलत होते. "बरं वाटतंय आता," म्हणाले. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

म्हणून मंगळवारी, ती पावलं बघता बघता, माझ्या मनात आलं की हे उठतात. मी पाठ फिरवली की उठतात, दारात येऊन मला बघतात, वळायच्या आत परत जाऊन पडतात.

असं होत नसतं हे मला कळत होतं. मेंदूचे फोटो मी स्वतः उजेडात धरून पाहिले होते. पण एकदा संशय आल्यावर सगळंच त्यात बसायला लागलं. सकाळी मी खीर भरवताना ते माझ्याकडे बघत नसत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पावणेदहापासून तर नजर तिथून हलायचीच नाही. दहाला मी "झोपा आता" म्हटलं की तोंडावर एक समाधान यायचं. मला कटवल्याचं.

गुरुवारी सकाळी मी त्यांना पाणी दिलं नाही. ठकुबाईला म्हटलं, मी पाजते. ती गेल्यावर पाण्याने भरलेलं भांडं मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या कडाप्प्यावर ठेवलं. पलंगापासून चार पावलं.

"तहान लागली तर उठून घ्या," मी म्हणाले.

त्यांनी भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भीती, विनवणी, काही म्हणजे काही नाही. मग नजर घड्याळाकडे.

मी टेबलापाशी येऊन बसले. थेंब सोडला. ब्रश हातात धरला नाही, नुसतं भिंग. पावणेअकराच्या सुमाराला तो फराटा आतल्या बाजूला दिसला, अगदी बारीक, खिडकीच्या दिशेला. या खेपेला मी वळले नाही. पूर्ण पकडायचं होतं मला.

कडाप्प्यावरून भांडं उचलल्याचा आवाज आला. ओळखीचा आवाज, स्टीलचा, दगडावर घासून निघतो तसा. मग थोडा वेळ काही नाही. मग घशातून पाणी उतरल्याचा आवाज. पुन्हा दगडावर भांडं ठेवलं गेलं, हळूच.

मी धावतच आत गेले. रघुवीर पलंगावर होते, पांघरूण मी खोचलं होतं तसंच. भांडं कडाप्प्यावर होतं, रिकामं. त्यांची हनुवटी ओली होती.

"उभे राहा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "नाटक पुरे झालं. दोन वर्षं मी तुमची घाण काढतेय. उभे राहा!"

मी त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढून जमिनीवर उभं केलं.

५

ते क्षणभरसुद्धा उभे राहिले नाहीत. उजवा पाय ओल्या फडक्यासारखा मुडपला आणि ते सगळे माझ्या अंगावरून घसरून खाली गेले. कपाळ पलंगाच्या पायावर आपटलं. भुवईतून रक्त आलं.

मी उचलायचा प्रयत्न केला. ते उचलले जाईनात. असं निर्जीव वजन सोंग करणाऱ्या माणसाचं नसतं, हे दोन वर्षं रोज त्यांची कूस बदलणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मला ते आधीपासून माहीत होतं, आणि तरी मी केलं होतं.

ते रडत नव्हते. खाली पडल्या पडल्या त्यांनी डावा हात वर केला, आधार मागतात तसा. मी तो धरायला गेले तर त्यांनी तो बाजूला घेतला. हात माझ्यासाठी नव्हता. माझ्या शेजारी कुणीतरी उभं असावं तसे ते तिकडे बघत होते.

मी ठकुबाईला मोबाईल लावला. ती गुडघ्यापर्यंतच्या चिखलानिशी तशीच धावत आली. दोघींनी मिळून त्यांना वर घेतलं. नसरापूरहून डॉक्टर आले, टाके घातले, पाय तपासला.

"या पायावर ते सेकंदभरही उभे राहणार नाहीत. पडले कसे?"

"कुशीवर होताना घसरले," मी म्हणाले.

ठकुबाई दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली.

डॉक्टर गेल्यावर मी किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. "चुकलं माझं," म्हटलं. तिने किल्ली गाठीला बांधली. मग म्हणाली, "रागावू नगा बाई, पन एक इचारू? रोज इतक्या मायेनं करता त्येंचं. मंग आज असं का केलंत?"

"काय मायेनं करते? नुसतं पार पाडते मी."

"म्या बघती की. दहाच्या पुढं बांधावरनं जाताना तुमच्या त्या मागल्या खिडकीतनं दिसतं. तुमी त्येंच्या उशाशी खुर्ची घिऊन बसल्याल्या असता. डोक्यावरनं हात फिरवता. मान उचलून पाणी पाजता. कायबाय सांगत असता. कवाकवा हसत्यात बी ते."

"दहाच्या पुढं मी बाहेरच्या खोलीत असते, ठकुबाई. चित्र काढत."

"न्हाई बा. आत असता."

"माझं तोंड बघितलंयस तू?"

ती विचारात पडली. "पाठ असती तुमची खिडकीकडं. पन म्या तुमाला वळखत न्हाई व्हय? आंबाडा, तो हिरवा पदर, मानंवरचा त्यो तीळ."

मग ती बारीक आवाजात म्हणाली, "लई बरं वाटायचं बगून. म्या घरी बी सांगितलं, आमच्या बाई दिसत्यात कडक, पन मालकांचं लई करत्यात."

६

दुसऱ्या दिवशी दहाला मी पुन्हा टेबलापाशी बसले. खरं तर त्या दिवशी आत बसायला हवं होतं, त्यांच्याजवळ. पण मला बघायचं होतं. विज्ञान शिकवलेल्या माणसाची ही खोड, आधी बघायचं.

दारं बंद होती, कड्या मी दोनदा हलवून बघितल्या होत्या. अळूच्या पानावर थेंब चांगला टपोरा बसला होता. भिंगातून मी एक एक गोष्ट मोजून घेतली. खिडकीचा उजेड, चार तुकडे. टेबलाची कड. मधोमध माझा काळसर आकार, अंबाडा, खांदे. बाजूला दार, रिकामं. आतल्या खोलीतल्या पंख्याची घरघर. रस्त्यावरून गेलेला टेम्पो.

मी मान हलवली नाही. पापणीही लवू देत नव्हते. श्वासाने भिंगावर वाफ धरायला लागली तसा श्वास आवरला.

इतके दिवस मी दाराकडे बघत होते. ते येतं कुठून हे मी बघितलंच नव्हतं.

थेंबातला माझा आकार थोडा रुंद झाला. मला वाटलं डोळ्यावर ताण आला असेल. मग त्या आकाराची एक कड सुटी झाली, ओल्या कागदावर एका रंगातून दुसरा रंग हळूच बाजूला सरकतो तशी. आता दोन आकार होते. एक बसलेला, एक उभा. उभा आकार माझ्यापासून निघाला आणि दाराकडे चालू लागला. हिरवा पदर होता. तो पदर त्याच वेळी माझ्या खांद्यावरही होता, मला त्याचा काठ मानेला टोचत होता.

तिने मागे वळून बघितलं नाही. ती लहान होत गेली, चौकटीतून आत गेली.

मला पाठीत गारठा भरल्यासारखं झालं, पण दुखलं मुळीच नाही. उलट हलकं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण सुटल्यासारखं वाटलं.

आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आणि मग रघुवीरांचा आवाज आला. दोन वर्षं ज्यांच्या तोंडून घोगऱ्या हुंकाराशिवाय काही ऐकलं नव्हतं, त्यांचा आवाज. स्वच्छ, तरुणपणचा, बढतीच्या आधीचा.

"आलीस?" ते म्हणाले.

मी उठून दारात गेले. खुर्ची उशाशी होती. खुर्चीत मला कोणी दिसलं नाही. रघुवीर तिच्याकडे तोंड करून पडले होते आणि हसत होते, तोंडाची दोन्ही टोकं वर करून. चौकटीत मी आहे हे त्यांना कळलं तसं ते हसू गेलं. उजवं टोक खाली लोंबलं. कपाळावर टाके घातलेली भुवई आकसली. ते मला घाबरले होते.

त्यांनी डावा हात दाराच्या दिशेने हलवला.

"जा," ते म्हणाले.

७

मी आतच बसून बघितलं नाही असं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी मी खुर्ची ओढून दहा ते साडेअकरा त्यांच्या उशाशी बसले. डोक्यावरून हातही फिरवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापण्यांतून पाणी येत राहिलं. मी उठून बाहेर आले तेव्हा त्यांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला, तो मला टेबलापर्यंत ऐकू आला.

तेव्हापासून मी दहाला टेबलापाशी बसते. थेंब सोडते. आतून बोलण्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. साडेअकराला खुर्ची सरकते. मग थोड्या वेळाने मला पाठीत जडपणा येतो, आणि मी उठून त्यांना भरवायला जाते. ते घड्याळाकडे बघत जेवतात.

शुभ्राला मी काही सांगितलं नाही. शनिवारी तिने कागद बघितले आणि विचारलं, "काकू, मधला तुमचा आकार इतका फिकट का करताय? आधी छान गडद यायचा."

दिसतं तसं काढते, मी म्हणाले. खरंच होतं ते. आधी त्यासाठी निळा आणि तपकिरी दाट मिसळावा लागायचा. आता ब्रश धुतलेलं पाणी पुरतं.

नवरात्रात खुर्ची सरकायला बारा वाजायला लागले. मग पाऊण. मी बसून राहायची. घरात शिरून कोणी आपलं काही नेत असेल तर माणूस आरडाओरडा करतो. पण ते सगळं मी टाकून दिलेलंच होतं. प्रेमाने बोलणं, मान उचलून पाणी पाजणं. कुणी उचलून घेतलं तर मी कुठल्या तोंडाने ओरडणार? एवढंच मनात यायचं की ती परत आली नाही तर काय. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती परत का येते, असंही मनात यायचं.

काल तीन वाजले तरी खुर्ची सरकली नाही. पानावरचा थेंब केव्हाच सुकून गेला होता. मला भूक नव्हती, पाय बधिर झाले होते. साडेतीनला आत कोणीतरी हसलं, एका बाईचं हसणं. चारला मागच्या दाराची किल्ली फिरल्याचा आवाज आला. ठकुबाई.

ती स्वयंपाकघरातून सरळ आतल्या खोलीकडे गेली. तिकडे जाताना बाहेरची खोली लागते. ती माझ्या पाठीमागून, हातभर अंतरावरून गेली. थांबली नाही. नेहमीसारखं "काय काढलंत, बाई?" म्हणाली नाही. मी मान वळवली तोवर ती आतल्या दारात पोचली होती.

"आज अजून हितंच व्हय, बाई?" आत बघून ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कौतुक होतं. "चा ठिवू का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

आतून उत्तर आलं. माझाच आवाज, फक्त इतका मऊ मी तो कधी वापरला नव्हता.

"ठेव. आम्हा दोघांपुरताच."